‘मा.’नंतरचं टिंब

देवनारच्या नाक्यापासून गोवंडी स्टेशनापर्यंत विजेचे जेवढे खांब आहेत, त्यांतल्या निम्म्यांनी तरी कधी ना कधी कुंडलिक हिवराळे यांचा फोटो अंगावर वागवला आहे. जयंती असो, दिवाळी असो, दहावीचा निकाल असो, फोटो तोच: हात जोडलेले, केस काळेभोर, आणि खाली ठळक अक्षरांत ‘मा. आमदार’. आता मराठीत ‘मा.’ म्हणजे माननीयही होतं आणि माजीही होतं. कुंडलिकरावांनी खोटं कधीच छापलं नाही. त्यांनी फक्त टिंब दिलं आणि पुढचं जनतेवर सोडलं. जनतेवर एवढा विश्वास टाकणारा पुढारी सापडणं कठीण. सत्तावीस वर्षं त्या टिंबाच्या आडोशाला अगदी निवांत गेली.

आमदार ते होते, नाही असं नाही. अकरा महिने होते. आधीचा आमदार वारला, पोटनिवडणूक लागली, आणि समोरचा उमेदवार हमखास येणार म्हणून पक्षातून कुणी धड माणूस उभा राहीना. तेव्हा पक्षाने कुंडलिकरावांना पकडलं. योग असा, की समोरच्याच्याच नावाचा आणखी एक सद्गृहस्थ अपक्ष म्हणून उभा होता. लोकांनी गडबडीत त्याच्यापुढे नऊशे शिक्के मारले, आणि कुंडलिकराव एकशे सत्तावीस मतांनी निवडून आले. या विजयाला ते ‘जनतेचा उठाव’ म्हणत. उठाव अकरा महिने टिकला, मग विधानसभेचीच मुदत संपली.

त्या अकरा महिन्यांत त्यांनी सभागृहात एक प्रश्न विचारला. अमुक पूल धोकादायक झाला आहे, हे खरे आहे काय. असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली? उत्तर छापील आलं: एक, हे खरे नाही; दोन, प्रश्न उद्भवत नाही. ते उत्तर त्यांना एवढं आवडलं, की घरातही तेच सुरू झालं. सोनूबाईंनी विचारावं, डाळ संपलीय, आणता का? यांनी पेपरातून डोकं न काढता म्हणावं, प्रश्न उद्भवत नाही. मग डाळ दर्शना आणायची.

दर्शना ही त्यांची मुलगी, वय सत्तेचाळीस. लग्न करून गेली होती, दोन वर्षांत परत आली, आणि स्टेशनाच्या वाटेवर झेरॉक्सचं दुकान टाकून बसली. दुकान झेरॉक्सचं, पण खरं काम फॉर्म भरायचं. रेशन कार्डात नाव घालायचंय, दर्शना. शाळेच्या दाखल्यात आडनाव चुकलंय, दर्शना. मतदार यादीत जिवंत माणूस मेलेला दाखवलाय, दर्शना. लोक यायचे ‘साहेब आहेत का’ म्हणून, साहेब खुर्चीत बसून ‘बघतो’ म्हणायचे, आणि बघायची ती. साहेबांच्या पुढच्या पाच निवडणुकांचे फॉर्मही तिनेच भरले होते आणि पाचही वेळा ते पडले होते. दोनदा जुन्या पक्षाकडून, एकदा शिवणयंत्र चिन्हावर अपक्ष, आणि दोनदा अशा पक्षांकडून, ज्यांची नावं आज ते पक्ष काढणाऱ्यांनाही आठवणार नाहीत. सहाव्यांदा कुणी तिकीटच दिलं नाही, तेव्हा ते ‘स्वगृही’ परतले. स्वगृहाचे मधल्या काळात दोन तुकडे झाले होते. हिवराळे नेमके कोणत्या तुकड्यात आहेत, हे त्या तुकड्यालाही नीट ठाऊक नव्हतं.

अशात महापालिकेची निवडणूक लागली आणि सोडतीत त्यांचा वॉर्ड महिलांसाठी राखीव निघाला. कुंडलिकरावांच्या डोळ्यांत चमक आली. उमेदवार घरातलाच देऊ म्हणाले. आधी सुनेला फोन लावला. मुलगा विकी बोरीवलीला सोसायटीत राहतो, वडिलांना रोज न चुकता सुप्रभातचं फूल पाठवतो. सून चेतना म्हणाली, “पप्पा, प्लीज,” आणि फोन ठेवला. मग त्यांनी बायकोकडे पाहिलं.

“माझे गुडघे उभे राहू देत नाहीत आन् तुम्ही मला निवडणुकीला उभं करू राह्यले,” सोनूबाई म्हणाल्या. बुलढाण्याहून येऊन पन्नास वर्षं झाली, पण रागात त्यांची भाषा अजून तिकडचीच. “काहून? घरात दुसरं बाईमाणूस दिसत नाही का तुम्हाला?”

“मी उभी राहते, आबा,” दर्शना म्हणाली.

झेरॉक्सचं मशीन बोलायला लागलं असावं, तसे कुंडलिकराव तिच्याकडे बघत राहिले. पण दुसरं कुणी नव्हतंच. शिवाय मुलगी निवडून आली, तर खुर्ची घरातच राहणार आणि खुर्चीत कोण बसणार हे नंतर ठरवता येणार, असाही एक हिशेब त्यांच्या मनात असावा. ते हो म्हणाले.

दर्शनाला हे तिकीट मनापासून हवं होतं. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं, कारण या घरात काही हवं असणं हा एकाच माणसाचा मान होता. मुलाखतीला ती इस्त्रीची निळी साडी नेसून गेली. कोणत्या गल्लीत किती घरं, कुणाकडे पाणी कधी येतं, सगळं न अडखळता सांगितलं. समोरचे लोक माना डोलावत होते. आणि शनिवारी यादी आली, तर तिच्या नावापुढे ‘प्रलंबित’. मंगळवार फॉर्म भरायचा शेवटचा दिवस.

रविवारी बापलेक घाटकोपरला पक्षाच्या कार्यालयात गेले. तिथे हल्ली नेत्यांपेक्षा लॅपटॉप जास्त दिसतात. उमेदवारांची छाननी एका सर्व्हे कंपनीकडे दिलेली होती आणि तिच्यातर्फे अनिरुद्ध नावाचा तिशीच्या आतला एक मुलगा बसला होता. चेहऱ्याने सज्जन, गळ्यात ओळखपत्र. तो मतदारसंघाला ‘जिओग्राफी’ म्हणत होता.

“मॅम, तुमचा इंटरव्ह्यू झकास झालाय,” तो म्हणाला. “पण आपली पॉलिसी आहे. घरात विद्यमान आमदार-खासदार असेल, तर दुसरं तिकीट नाही. आणि सर तर आमदार आहेत ना.”

दर्शनाला आधी कळलंच नाही. अनिरुद्धने स्क्रीन फिरवली. रकाना होता ‘कुटुंबात विद्यमान लोकप्रतिनिधी’ आणि त्यापुढे ‘होय’. “सरांचं लेटरहेड, फ्लेक्स, फेसबुक, सगळीकडे ‘मा. आमदार’ आहे. आमच्या टीमने माननीय धरलं.”

तिने वडिलांकडे पाहिलं. कुंडलिकरावांच्या चेहऱ्यावर असं तेज आलं होतं, की त्यांनी अकरा महिन्यांतही ते कधी मिरवलं नसेल. “बरोबर धरलं,” ते म्हणाले, आणि तिच्याकडे वाकून हळूच, “बघ दर्शू, वरपर्यंत नोंद आहे.”

वाट लागली, दर्शना मनात म्हणाली. मग मोठ्याने म्हणाली, “ते माजी आहेत. सत्तावीस वर्षं झाली.”

“मग सध्याचे आमदार वेगळे आहेत?” अनिरुद्धने विचारलं.

“आहेत एक,” कुंडलिकराव नाइलाजाने म्हणाले.

“ओके, मग सोपं आहे सर. लेटरहेडवर तेवढं लिहून द्या, की मी माजी आमदार आहे. पूर्ण शब्द हवा, शॉर्टफॉर्म नको, परत गोंधळ होईल. आणि खाली आतापर्यंतचं इलेक्शन रेकॉर्ड. वर्ष, पक्ष, मिळालेली मतं. उद्या बारापर्यंत द्या, म्हणजे एबी फॉर्म निघेल.” एबी फॉर्म म्हणजे पक्षाचं अधिकृत उमेदवारीचं पत्र. त्या कागदासाठी माणसं या दिवसांत जिन्यावर झोपतात. इथे तो दोन अक्षरांवर मिळत होता.

दोन अक्षरं! पण ती लिहायची कुणी?

परतल्यावर दर्शनाने दुकानाचं शटर अर्धं ओढलं, लेटरहेडचा कागद प्रिंटरला लावला आणि वडिलांना समोर बसवलं. सोनूबाई गुडघ्याला तेल चोळत कोपऱ्यात बसल्या होत्या.

“लिही,” कुंडलिकराव म्हणाले. “मी, कुंडलिक तुळशीराम हिवराळे, निवर्तमान आमदार...”

“निवर्तमान म्हणजे आत्ता आत्ता पायउतार झालेला, आबा. सत्तावीस वर्षांपूर्वी नाही.”

“मग भूतपूर्व लिही.”

“तो लॅपटॉपवाला मुलगा आहे. त्याला वाटेल, तुम्ही वारलात.”

“ज्येष्ठ आमदार?”

“आबा.”

“अनुभवी आमदार लिही. त्यात काय खोटं आहे? अनुभव आहेच.”

“माजी,” दर्शना म्हणाली. “म, काना, ज, दीर्घ वेलांटी. बस.”

कुंडलिकरावांनी पंख्याकडे पाहिलं. फॅक्टरीतल्या युनियनपासून विधानभवनापर्यंत पोचलेला माणूस, एका वेलांटीला अडला होता. सोनूबाईंना राहवेना. “अहो, त्यात काय एवढं? हिंदीवाले सगळ्यांनाच मानानं जी लावतात. तुमच्या मा-ला जी लावला, असं समजा ना!”

दर्शनाला हसू फुटलं. कुंडलिकरावांना नाही. “तुम्हाला मस्करी वाटते,” ते म्हणाले. “अगं, लग्नात पहिल्या रांगेत बसवतात. पोलीस स्टेशनला गेलो, तर खुर्ची देतात. कशावर? त्या एका शब्दावर. उद्या माजी लिहिलं, की ‘काका, जरा सरका’ म्हणतील. हे पत्र आज तिथे गेलं, की उद्या सगळ्या उपनगरात फिरेल. माझ्या हयातीत मी ते लिहून देणार नाही. विषय संपला. प्रश्न उद्भवत...”

“उद्भवतो!” दर्शना एवढ्या जोरात ओरडली, की बाहेरून जाणारा माणूस थबकला. “उद्भवतो, आबा. वीस वर्षं मी या गल्लीचे फॉर्म भरतेय. कुणाचं नाव चुकलं, कुणाचा बाप चुकला, मी दुरुस्त करते. तुमचे पाच मी भरले. मला एकदा माझा भरायचाय. एकदाच. आणि तो तुमच्या एका टिंबापायी अडलाय.”

या घरात मुलीने असं ओरडायचा प्रघात नव्हता. आता रडू येईल की काय, याचा तिला भयंकर राग येत होता.

“लिही,” कुंडलिकराव शेवटी म्हणाले. “माजी लिही. अक्षर जरा बारीक ठेव.”

तिने लिहिलं. अक्षर बारीक ठेवलं. मग म्हणाली, “आता रेकॉर्ड. मतं मी आयोगाच्या साइटवरून काढते, तुम्ही नुसते...”

“काढायला कशाला पाहिजेत?” ते म्हणाले. “पहिला पराभव, चौदा हजार दोनशे सहा. दुसरा, नऊ हजार अठ्ठावन्न. शिवणयंत्रावर चार हजार एकशे तेहतीस. त्यानंतर अठराशे ऐंशी, डिपॉझिट गेलं.” ते असे सांगत होते, की जणू पाढे म्हणताहेत. “शेवटची, सहाशे अकरा. नोटाला बाराशे चार.”

दर्शनाची बोटं थांबली. घरात आजवर या आकड्यांची नावं ‘निसटता पराभव’, ‘नैतिक विजय’ आणि ‘मशीनचा घोळ’ अशी होती. तिला वाटायचं, बापाला खरे आकडे माहीतच नाहीत, किंवा माहीत करून घ्यायचे नाहीत.

“त्या सहाशे अकरांतले निम्मे तरी मला नावानिशी ठाऊक आहेत,” कुंडलिकराव म्हणाले. “मागच्या चाळीतल्या शेवंतीच्या घरचे चार. मटणवाल्याचे तीन. बरेचसे तुझ्यामुळे पडले असणार, तू फॉर्म भरून दिलेस म्हणून. मला कळत नाही असं नाही, दर्शू.”

इतक्या वर्षांत त्यांनी तिच्या कामाबद्दल काढलेला हा पहिला शब्द होता. तिला एकदम इतकं भरून आलं, की तिने उगाच प्रिंटरचा ट्रे काढला आणि परत बसवला. कुंडलिकरावांनी पत्र दोनदा वाचलं आणि सही केली.

सोमवारी अकराला पत्र अनिरुद्धच्या हातात होतं. त्याने मन लावून वाचलं. असं खरंखुरं रेकॉर्ड त्या कार्यालयात बहुधा पहिल्यांदाच आलं असावं. “थँक यू सर, एकदम क्लियर आहे,” म्हणत त्याने ‘होय’चं ‘नाही’ केलं आणि तिचं नाव हिरवं झालं. मग मतांचे आकडे भरले. शेवटचा आकडा भरला आणि नावापुढचा हिरवा रंग लाल झाला.

“काय झालं?” दर्शनाने विचारलं.

अनिरुद्ध ओशाळला. “मॅम, ते ऑटोमॅटिक आहे. कुटुंबाची विनेबिलिटी, म्हणजे जिंकायचे चान्सेस. सहापैकी एक विजय, आणि मतं दर वेळी खाली. नोटाच्याही खाली. सॉरी. सिस्टिमने आता दुसरं नाव वर घेतलंय. मानसीताई. त्यांचे मिस्टर गेल्या आठवड्यातच तिकडून आपल्यात आलेत.”

म्हणजे टिंब होतं तेव्हा बाप आमदार म्हणून तिकीट नाही, आणि टिंब गेलं तर बाप आमदार नाही म्हणून तिकीट नाही. पक्षाची पॉलिसी खरोखरच बिनचूक होती. दोन्ही दारांतून हिवराळे बाहेर.

कुंडलिकराव उठून उभे राहिले. दर्शनाला वाटलं, आता नेहमीप्रमाणे ‘वरच्या साहेबांना फोन लाव’ होणार. पण ते टेबलावर वाकले. “पोरा, हरलो तो मी. ती आजवर एकही निवडणूक हरलेली नाही.”

“सर, पण त्या लढलेल्याच नाहीत.”

“तेच सांगतोय ना मग!”

अनिरुद्धने मान खाली घातली. ही गोष्ट घालायला त्याच्याकडे रकाना नव्हता. मग त्याने हळू आवाजात, खरोखर काळजीने सांगितलं, “मॅम, एक रिक्वेस्ट आहे. अपक्ष वगैरे भरू नका. बंडखोरी धरतात. सरांची सही तुमच्या फॉर्मवर कुठेही दिसली, तर त्यांना पक्षातून सहा वर्षांसाठी काढतील. वरून तसं पत्रच आलंय.”

सहा वर्षं. कुंडलिकराव बहात्तरचे होते. तीन वर्षांनी विधानसभा, आणि तिचं तिकीट आपल्याला मिळेल, असं जगात एकाच माणसाला वाटत होतं. ते स्वप्न किती वेडं आहे, हे दर्शनाला पुरतं ठाऊक होतं. पण सकाळी उठून केस काळे करायला ते त्यांना पुरत होतं, हेही तिला ठाऊक होतं. रिक्षात ती म्हणाली, “मी अपक्ष भरणार. तुम्ही यात पडू नका. सूचक म्हणून शेवंतीमावशीची सही घेते.” सूचक म्हणजे उमेदवाराचं नाव सुचवणारा, त्याच वॉर्डातला मतदार. कुंडलिकराव रिक्षाच्या बाहेर बघत राहिले.

मंगळवारी निवडणूक कार्यालयात जत्रा होती. हारवाले, ताशेवाले, वकील, आणि एकमेकांना मिठ्या मारणारे कालचे शत्रू. शेवंतीमावशी टोकन घेऊन दीड तास बाकावर बसल्या. खिडकीपाशी पोचल्यावर कारकुनाने यादी पाहिली आणि मान हलवली. त्यांची चाळ नव्या रचनेत पलीकडच्या वॉर्डात गेली होती. मतदार त्या होत्या, पण या वॉर्डाच्या नव्हत्या. आणि ही चूक कुणी करावी? दर्शनाने, जिच्याकडे अख्खा मोहल्ला यादीतली नावं शोधायला येतो. तिने मावशींचं नाव जुन्या यादीत बघितलं होतं. तिला स्वतःचीच चीड आली.

“तीनला खिडकी बंद,” कारकून म्हणाला. “पंचवीस मिनिटं आहेत. दुसरा सूचक आणा.”

दर्शना फोन काढून कुणाला बोलवावं याचा विचार करत होती. तेवढ्यात मागून कुणीतरी लोकांना बाजूला सारत आलं. पांढरा शर्ट, पांढरी पँट, नाकावर घामाचे थेंब. सकाळी “मी येत नाही” म्हणून पेपर उघडून बसलेले कुंडलिकराव. ते कधीपासून बाहेर उभे होते, कोण जाणे.

“सूचक मी आहे,” ते म्हणाले.

“आबा, नको. ते सहा वर्षं काढतील.”

“तू गप.”

“उमेदवाराचे कोण तुम्ही?” कारकुनाने वर न बघता विचारलं.

“बाप.”

“त्याला इथे जागा नाही. नाव, यादीचा भाग आणि अनुक्रमांक सांगा.”

दर्शना सांगायला पुढे झाली, पण त्यांनी तिला हाताने थांबवलं आणि सगळं स्वतःच सांगितलं. भाग एकशे चौदा, अनुक्रमांक सहाशे बहात्तर, कुंडलिक तुळशीराम हिवराळे. नावाच्या आधी त्यांनी काही लावलं नाही, आणि नंतरही. कारकुनाने यादीत बोट फिरवलं, खूण केली, आणि आता पहिल्यांदाच मान वर केली. चेहरा ओळखीचा वाटला असावा.

“थांबा थांबा. तुम्ही ते आमदार ना?”

रांगेतल्या दहाबारा माना वळल्या.

“होतो,” कुंडलिकराव म्हणाले, आणि सहीसाठी तिच्याकडे पेन मागितलं.